वीस फुटी आबा

डिजिटल चित्रकला शिकायचं ठरवल्यापासून पुढचे अकरा महिने मी एकही चित्र काढलं नाही. आळस केला म्हणून नाही. चित्र कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काढावं याचा मी त्या काळात अभ्यास करत होते, आणि तो इतका मन लावून की कलाशिक्षकाच्या पदविकेलाही मी एवढ्या वह्या भरल्या नव्हत्या.

मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे वेळापत्रकात माझे तास आहेत. दिवाळीनंतर त्यातले निम्मे गणिताचे सर मागून घेतात, ‘पोर्शन राहिलाय, मॅडम’ म्हणून. उरलेल्या तासांना मुख्याध्यापक मला कसल्या ना कसल्या सप्ताहाचे फलक रंगवायला बसवतात. वीस वर्षांत मी इतक्या वेळा ‘पाणी वाचवा’ लिहिलंय की झोपेतही तो नळ आणि तो थेंब मला काढता येईल.

माझे मिस्टर भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात आहेत, रोज जाऊन-येऊन करतात. एका संध्याकाळी त्यांनी एक खोकं आणून माझ्यासमोर ठेवलं. आत एक काळी पाटी आणि एक पेन. पाटीवर पेन फिरवलं की रेघ कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटणार. लग्नानंतर या माणसाने स्वतःच्या मनाने आणलेली ही तिसरी वस्तू. पहिला कुकर होता, दुसरा मोठा कुकर. मला भरूनच आलं.

“आता सॉफ्टवेअर कुठलं घेणार?” त्यांनी विचारलं.

“विचारते कुणाला तरी,” मी म्हटलं, आणि तिथेच फसले.

पहिल्यांदा विचारलं मामेभावाला. तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे आणि एका लग्नासाठी जळगावला आला होता. पंगतीत माझ्या शेजारीच बसला. वरण-बट्टी कुस्करता कुस्करता म्हणाला, “सरळ इंडस्ट्रीत चालतं ते घे. दर महिन्याला भाडं भरायचं. बाकी सगळी खेळणी आहेत.”

“मला खेळायलाच हवंय.”

“तसं नाही गं. तुझा वर्कफ्लो काय आहे?”

“सकाळी सहाला डबे. मग शाळा.”

तो हसला नाही. पुण्यात गेल्यावर त्याने मला एक भलामोठा तक्ता पाठवला. उभ्या रकान्यांत सॉफ्टवेअरांची नावं, आडव्या ओळींत गुण. लेअर म्हणजे चित्राचे थर किती, ब्रश किती, रंग किती खरे, कुठल्या मशीनवर अडकतं. मी फोन करून विचारलं, “तू यातल्या कशात काय काढलंस?”

“मी?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं. “मी मॅनेजर आहे.”

पण तक्ता मला चावला. मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि भर घालायला सुरुवात केली. व्हिडिओ बघायला लागले. प्रत्येक व्हिडिओत एक तरुण माणूस तोंडाचा आ करून सांगायचा, की अमुक सॉफ्टवेअर आता मेलं. पुढच्या आठवड्यात तोच माणूस त्याच आ वासलेल्या तोंडाने ते पुन्हा जिवंत झाल्याचं सांगायचा. माझ्या वहीत तोवर त्याच्यावर काट मारलेली असायची. मग खोडरबर शोधा. काळी पाटी कपाटावर, तिच्या खोक्यात, आणि मी खाली बसून तिच्यावर काय चालेल याची कागदावर नोंद करतेय, असे माझे कितीतरी रविवार गेले.

मिस्टरांनी एकदा विचारलं, “चाललंय ना त्याच्यावर?”

“निवड चालू आहे.”

“अच्छा,” ते म्हणाले. रेल्वेत असल्यामुळे त्यांना उशिराचं काही वाटत नाही.

त्या हिवाळ्यात चित्रकलेच्या परीक्षेचे पेपर तपासायला मला धुळ्याला जावं लागलं. तिथे माझ्या बाकाला बाक लावून एक सर बसले होते. धुळ्याचेच, माझ्याच वयाचे. चहाच्या सुटीत मी चुकून सॉफ्टवेअरचा विषय काढला आणि त्यांच्या डोळ्यांत कीर्तनकारासारखं तेज आलं.

“भाडं? भाडं कसाले भरतस, ताई? आपलं सॉफ्टवेअर बठ्ठं फुकट शे!”

मग अहिराणी सोडून त्यांनी प्रमाण मराठीत मला फुकट सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान सांगितलं. जगभरातले भले लोक ते मिळून बनवतात, कुणाची मालकी नाही, कुणाची गुलामी नाही. ऐकायला फारच छान होतं. बोलता बोलता त्यांचा पेपरांचा गठ्ठा मागे राहिला. मग उरलेली सगळी स्मरणचित्रं त्यांनी एका गतीने, सगळ्यांना सारखेच गुण देत, तपासून टाकली. समतेवर त्यांचा विश्वास होताच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने चढवून दिलं आणि मला खानदेशातल्या कलाशिक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं.

ग्रुपवर शंभरावर माणसं होती, सगळी चित्रकलेची. तिथे मी चित्र म्हणून जे पाहिलं ते म्हणजे सकाळची गुलाबाची फुलं आणि सणासुदीचे देव, तेही कुणी दुसऱ्यांनी केलेले. बाकी नुसती लढाई. फुकटवाले भाडेवाल्यांना लाचार म्हणत, भाडेवाले फुकटवाल्यांना भिकारी म्हणत. तिसरा एक पक्ष होता टॅबवर चित्र काढणाऱ्यांचा. ते कुणाशीच भांडत नसत, फक्त मधूनच आपल्या टॅबचा फोटो टाकत. चित्राचा नाही, टॅबचा.

शेवटी समेटासाठी धुळ्यात एका मंगल कार्यालयात कार्यशाळा ठरली. मी जळगावहून सकाळच्या एसटीने गेले. व्यासपीठावर पडदा, तीन लॅपटॉप, तीन पक्षांचे तीन वक्ते. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. साडेबाराला पहिल्या वक्त्याने आपलं सॉफ्टवेअर उघडलं आणि एक सफरचंद काढलं. लाल, त्यावर पांढरी चमक, खाली करडी सावली. टाळ्या झाल्या. दुसऱ्याने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सफरचंद काढलं. तिसऱ्याने टॅबवर. मग कुणाच्या सफरचंदाची चमक जास्त खरी यावर पाऊण तास वाद झाला. अख्ख्या जिल्ह्यात सफरचंदाचं झाड नाही. जळगाववाले आम्ही केळीवर जगतो, पण केळं कुणाला सुचलं नाही.

मी हात वर केला. “सर, तुम्ही यात काढलेलं एखादं दुसरं चित्र दाखवता का? सफरचंद सोडून?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “वेळेअभावी,” त्यातले एक म्हणाले, “आपण जेवणाकडे वळू या.”

जेवणानंतर सात जणांची समिती नेमली गेली. कोणतं सॉफ्टवेअर योग्य, याचा तिने अहवाल द्यायचा. अक्षर चांगलं म्हणून मला सचिव केलं, कारण डिजिटल कलेवरचा तो अहवाल हाताने लिहायचा होता. मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. परतीच्या एसटीत मी वहीत ‘सचिव’ लिहून खाली सहीसुद्धा करून पाहिली. इतरांना हसते आहे खरी, पण त्या सर्कशीत माझाही एक झोका होता.

यातून मला बाहेर काढलं माझ्या धाकट्या भावाने. तो यावलजवळच्या आमच्या गावी केळीची शेती बघतो. आमच्या वडिलांना अख्खं गाव आबा म्हणतं. त्यांना पंच्याहत्तरावं लागत होतं.

“ताई, आबाची पंच्याहत्तरी हाये,” तो फोनवर म्हणाला. “ष्टँडवर मोठा फ्लेक्स लावू. आबाचं चित्र तू काढजो. फोटू सगळेच लावता.”

“कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मले काय माहीत? तू काढजो.”

हातात दहा दिवस होते. सोमवारची रजा टाकून, शनिवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप आणि काळी पाटी पिशवीत घालून मी गावी गेले. वही मुद्दाम घरी ठेवली. लॅपटॉपवर धुळ्याच्या सरांनी चढवलेलं तेवढंच सॉफ्टवेअर होतं, तेच उघडलं. त्याने विचारलं, चित्र केवढं हवं? खाली काहीतरी आकडे आधीच लिहिलेले होते. मी ‘ओके’ दाबलं.

आबा ओट्यावर खुर्चीत बसले. मी समोर पायरीवर. इतकी वर्षं चित्र शिकवून मी माझ्या बापाकडे कधी चित्र काढायच्या नजरेने पाहिलं नव्हतं, हे त्या दिवशी कळलं. डाव्या भुवईत एक पांढरी रेघ आहे, घड कापताना विळा निसटला होता त्याची. उजवा कान डाव्यापेक्षा खाली. खालचा ओठ गप्प बसल्यावरही थोडा हलत असतो, आतल्या आत कुणाशी तरी हिशेब चालल्यासारखा. पहिला चेहरा माझ्या हातून मुख्याध्यापकांसारखा झाला. मी तो पुसला.

“काय केलं?” आबांनी विचारलं.

“चुकलं होतं. मागे घेतलं.” मी त्यांना पडद्यावर दाखवलं. एक बटन दाबलं की शेवटची रेघ जाते, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीची.

त्यांनी मला ते चार-पाच वेळा करायला लावलं. “पार पह्यल्या रेघेपर्यंत जाता येतं?”

“हो.”

“बरं हाये मंग तुमचं,” ते म्हणाले आणि पुन्हा समोर बघत बसले.

तीन दुपारी लागल्या. कुठला ब्रश, कुठला लेअर, मला काही आठवत नाही. एक ब्रश हाताला बरा लागला तोच धरून बसले. तिसऱ्या दिवशी आबा पडद्यावर आले. कान खाली-वर, भुवईत रेघ, ओठ आता हलेल असा. आई मागून येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हे असेच पाह्यता, भाजीत मीठ नसलं का.” याहून मोठा पुरस्कार मला कुठल्या समितीने दिला नसता.

भावाने ते चित्र माझ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच फ्लेक्सवाल्याला धाडलं. मी जळगावला परतले.

पंच्याहत्तरीच्या दिवशी सकाळी मी आणि मिस्टर गावी पोचलो. स्टँडवर उतरलो तर समोरच फ्लेक्स. वीस फूट लांब, दहा फूट उंच. डाव्या बाजूला गोलागोलांत तालुक्यातले सगळे भावी. भावी सभापती, भावी सदस्य, आणि एक नुसतेच भावी. सगळे हात जोडून, सगळे गोरे, एकेकाच्या मिशीचा केस मोजून घ्यावा इतके स्वच्छ. आणि मध्यभागी, सगळ्यात मोठे, आबा. म्हणजे आबांच्या जागी तपकिरी चौकोन. मोठे, बारके, एकाला एक लागून, जशी न्हाणीघरात फरशी बसवावी. खाली लिहिलेलं, ‘आमचे मार्गदर्शक’.

पानटपरीपाशी आबांचा एक जुना मित्र उभा होता. दोघांचं चाळीस वर्षांपासून बांधावरून जमत नाही आणि एकमेकांवाचून करमतही नाही. मला पाहून त्याने आवाज चढवला.

“काय वं पोरी, आबाले कोन्त्या केसात पकडलं?”

टपरीवरचे सगळे हसले. टीव्हीवर आरोपीचं तोंड दाखवतात ना झाकून, ते हुबेहूब तसंच दिसत होतं. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. अकरा महिन्यांत मी लेअर वाचले, ब्रश वाचले, दोनशे पानं भरली. छापायचं चित्र केवढं मोठं आहे हे आधी ठरवायचं असतं, एवढी एक गोष्ट कुठेच लिहून घेतली नव्हती. पडद्याएवढं चित्र मी वीस फुटांवर ताणायला दिलं होतं, आणि वाटेत व्हॉट्सअ‍ॅपने ते आणखी चेपलं होतं.

भाऊ धावत आला. “ताई, हे काय झालं वं? भावी लोक संध्याकाळी येनार हायेत!”

त्याला बापापेक्षा भावींची काळजी जास्त, हे मला तेव्हाही बोचलं. पण बोलायला मला तोंड कुठे होतं. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी यावलला फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले.

फ्लेक्सवाला पन्नाशीचा, शांत माणूस. एका जुन्या, पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसून कुणाच्या तरी बारशाचं करत होता. मी भांडायच्या तयारीने गेले होते.

“ताई, मी भाऊंना फोनवर विचारलं होतं, मोठी फाईल आहे का. ते म्हणाले, लावून टाक,” तो म्हणाला.

मी भावाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघायला लागला.

“हे तुमचं चित्र चौकोनांचं आहे,” फ्लेक्सवाल्याने समजावलं. “हजारो बारीक चौकोन. ताणलं की चौकोन मोठे होतात. माझ्या मशीनवर काढतो ते रेघांचं. रेघ कितीही मोठी केली तरी रेघच राहते. तुमचं चित्र स्वच्छ ठेवायचं तर ते एवढंच छापावं लागेल.” त्याने हाताने दाखवलं. ताटाएवढं.

“छापा मग तेवढंच,” मी म्हटलं.

“भावी लोकांपेक्षा आबा बारके?” भाऊ ओरडला. “अन् त्यांचे गोल बारके केले तर ते येतीन का?”

मी फ्लेक्सवाल्याला म्हटलं, “उठा जरा.” त्याच्या खुर्चीत बसले. काळी पाटी जळगावला राहिली होती. समोर माउस, त्याचं डावं बटन दोनदा दाबल्याशिवाय चालत नसे.

“हे कोणतं सॉफ्टवेअर?” मी विचारलं.

“मशीन घेतलं तेव्हा ह्यात होतं ते,” तो म्हणाला. “पंधरा वर्षं झाली. का?”

त्याच्याकडे वही नव्हती. पण लग्नं, बारशी, दहावे, निवडणुका, अख्ख्या तालुक्याचं सुखदुःख त्याने त्या एका मशीनमधून छापून काढलं होतं, आणि धुळ्याच्या कार्यशाळेला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. रेघ कशी वळवायची, बिंदू कुठे टाकायचा, हे त्याने मला दहा मिनिटांत दाखवलं. मी अडीच तास तिथे बसले. बुबुळ, नाक, भुवईतली खूण, खालचा कान. शेवटी तो म्हणाला, “ताई, आता हात काढा, छापायला वेळ लागतो.”

चारच्या सुमाराला नवा फ्लेक्स चढला. स्टँडवरून कुणीही सांगितलं असतं की हे आबा. पण जवळून मला माहीत होतं, हे काडेपेटीवर छापतात तसे आबा होते. ओठ हलत नव्हता.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. भावी आले, आपापल्या गोलाखाली उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले आणि अर्धे जण आबांना न भेटताच गेले. सगळं उरकल्यावर आबांनी भावाला विचारलं, “पह्यला फ्लेक्स कुठी हाये?”

“गुंडाळून ठेवला. ष्टँडवर चेष्टा झाली ना आबा.”

“आन इकडे.”

अंगणात दोघांनी धरून तो उलगडला. आबांनी चष्मा काढून कोपरीच्या खिशात ठेवला, दहा पावलं मागे गेले आणि बघत राहिले.

“बराबर तं हाये,” ते म्हणाले. “मले मी चांगला दिसून राहिलो.”

मला वाटलं माझी समजूत काढताहेत. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि डोळे बारीक केले. चौकोन एकमेकांत विरघळले आणि मधून तो माणूस वर आला, कानासकट. डोळे पूर्ण उघडले की पुन्हा फरशी. आबांनी चष्मा लावला नाही. तो फ्लेक्स त्यांनी गोठ्यातल्या कडब्यावर झाकायला घेतला, छापलेली बाजू वर करून. भावाने उलटी टाकू म्हटलं तर ऐकलं नाही.

ग्रुप मी सोडला. समितीच्या सचिवपदाचा राजीनामाही दिला, तो मात्र सुवाच्य अक्षरात. तिथे आता नवा वाद सुरू आहे म्हणे, एक वाक्य सांगितलं की स्वतःच चित्र करून देणाऱ्या यंत्राचा. वाक्य मराठीत सांगावं की इंग्रजीत यावर दोन तट पडलेत. मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी गावी जाते, ओट्यावर बसते, आणि फाईल उघडताना आधी आकडे वाचते.

गेल्या खेपेला शेजारची अक्का आली. ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, जिभेने सरळ. जरीकाठाचं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली होती. खुर्चीत बसली आणि म्हणाली, “माह्यंही काढ. मेल्यावर लावाले.”

“अक्का, असं काय बोलता?”

“खरं बोलते. पोराच्या भरवशावर राह्यले तं आधार कार्डावरचा फोटू लावीन तो. त्यात मी चोरटी दिसते.”

मी हसू दाबत पाटी मांडीवर घेतली. “केवढं मोठं हवंय, अक्का?”

तिने दोन्ही हातांनी हवेत एक चौकट दाखवली, घरातल्या भिंतीवर मावेल एवढी. मग पदर नीट केला, नथ सरळ केली आणि मला दम दिला, “अन् सुरकुत्या कमी नको करजो. उन्हात कमावल्या हायेत.”